बोटीच्या पोटातलं पाणी

मुंबई बंदरात, गेटवेसमोरच्या मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधून, आमची २८ फुटी शिडाची बोट उभी असते. फायबरग्लासची, आमच्याआधी दुसऱ्या कुणी हौसेनं वापरलेली. पावसाळा सरला की मे महिन्यापर्यंत मी आणि माझा नवरा जमेल तेव्हा तिच्यावर असतो. गेल्या मोसमात तिच्या बिल्जमध्ये पाणी दिसू लागलं. बिल्ज म्हणजे केबिनच्या तळफळ्या उचलल्यावर खाली दिसतो तो बोटीचा सगळ्यात खोलगट भाग. पाणी फार नव्हतं. पण ते कुठून येतं हे कुणालाच सांगता येईना, आणि माझं मन त्यातच अडकून राहिलं. त्या शोधात जे उमगत गेलं ते इथे लिहिते आहे.

१. पाणी जिथे सापडतं तिथून ते आलेलं नसतं. बोटीत कुठेही शिरलेलं पाणी उतार धरून बिल्जमध्येच येऊन थांबतं. पुढच्या नांगराच्या कप्प्यातलं, मागच्या सुकाणूच्या दांड्यापाशी झिरपलेलं, डोलकाठीच्या आतून उतरलेलं, पिण्याच्या टाकीचं, सगळं एकाच खळग्यात. वाटेत ते हलला, म्हणजे बोटीच्या कवचाला, आतून चिकटवलेल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या कडेनं धावतं, लाकडी अस्तरामागे दडतं, वायरच्या जुडग्यावरून घरंगळतं. डेकवरच्या उजव्या कडेच्या एका बोल्टातून शिरलेला थेंब डाव्या बाजूच्या बाकाखाली पडलेला मी पाहिला आहे. सुरुवातीला प्रत्येक जण बिल्जमध्ये टॉर्च मारून, ओलं कुठे आहे ते बघून निदान करत होता. मीही बघत होते. पण त्या डबक्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी त्याला सांगण्यासारखं काही नसतं. शोध वरच्या दिशेनं, ओघाच्या उलट करत जावा लागतो, आणि ह्या बोटी बांधताना हलचा निम्मा भाग फर्निचरमागे कायमचा झाकून टाकलेला असतो.

२. पंप हे उत्तर नाही. ह्याबद्दल माझं मत आता फार पक्कं झालं आहे. बोटीत आपोआप चालणारा पंप होता. पाणी ठरावीक उंचीवर आलं की फ्लोट स्विच वर उचलला जातो, पंप सुरू होतो, पाणी बाहेर. सोय उत्तम, पण आपण किनाऱ्यावर असताना तो किती वेळा चालला ते कळत नाही. गळती दुप्पट झाली तरी बिल्ज तसंच दिसतं, आणि एक दिवस बॅटरी उतरते. आम्ही पंपाला साधा काउंटर जोडला. त्यानंतर बोटीवर पाऊल ठेवलं की आधी तो आकडा बघायचा असा नियमच झाला.

थोडा हिशेब केला की पंपावरचा विश्वास बराच कमी होतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला साधारण चार लिटर पाणी जमतं. ते कुठलाही पंप सहज उपसेल. पण पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचं भोक पडलं, म्हणजे एखाद्या सी-कॉकवरची (हलमधल्या भोकावरच्या झडपेवरची) होज निसटली, तर मिनिटाला ६० लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी आत येतं. आणि पंपाच्या खोक्यावर तासाला अमुक लिटर असं जे छापलेलं असतं, ते पाणी उंच न चढवता मोजलेलं असतं. प्रत्यक्षात होजची वळणं आणि चढ पार करताना त्यातलं बरंच कमी होतं. आज जो थेंब पडतो तो उद्या भोक होणाऱ्या जागेचा आहे की निरुपद्रवी जागेचा, हे पंपाला ठाऊक नसतं. पाणी किती ह्यापेक्षा ते कुठलं ह्याचं महत्त्व मला तिथे कळलं.

३. आधी सगळं कोरडं करावं लागतं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण आमचा सगळ्यात जास्त वेळ ह्यातच गेला. पंप बिल्ज कधीच कोरडं करू शकत नाही, कारण तो थांबला की होजमध्ये चढलेलं पाणी उलट खाली येतं. २५ मिलिमीटरच्या तीन मीटर होजमध्येच जवळजवळ दीड लिटर पाणी मावतं. म्हणजे पंप चालल्यावरही दीड लिटर शिल्लक, आणि ते नवं की जुनं हा घोळ कायम. म्हणून मग स्पंज, बादली, जुने पंचे. बिल्जमधल्या आडव्या भिंतींना तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी छोटी भोकं असतात. ती लाकडाचा भुसा, केस, जुन्या रंगाचे पोपडे ह्यांनी बुजली होती. त्यांच्या पलीकडे पाणी साचून राहिलं होतं आणि बोट कलली की थोडं थोडं अलीकडे येत होतं. ती मोकळी केली, गोड्या पाण्यानं सगळं धुतलं, पुसलं, फळ्या उघड्या ठेवून वारा खाऊ दिला.

मग त्याच भोकांपाशी मुलं खेळतात त्या क्लेचे छोटे बांध घातले. बिल्जचे तीन वेगळे कप्पे झाले: पुढचा, डोलकाठीखालचा आणि इंजिनाखालचा. प्रत्येक सी-कॉकखाली टिश्यू पेपरची घडी ठेवली, आणि संशयाच्या जागांभोवती खडूची पूड भुरभुरली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे खडूची पूड घरी भरपूर. ओघळ आला की पुडीत त्याची रेघ उमटते आणि वाळल्यावरही राहते. एक मात्र सांभाळावं लागतं: बांध असताना पंप फक्त एका कप्प्यातलं पाणी उपसू शकतो. म्हणून हे सगळं आम्ही बोटीवर असतानाच केलं. उतरताना बांध काढूनच उतरत होतो.

४. चवीवर भरवसा ठेवू नये. बोटींवरची जुनी माणसं बिल्जमधलं पाणी बोटावर घेऊन चाखतात. खारट असेल तर समुद्राचं, गोडं असेल तर टाकीचं किंवा पावसाचं. विचार अगदी बरोबर आहे, पण मुंबई बंदरातलं, डिझेल आणि ग्रीस मिसळलेलं पाणी जिभेवर ठेवायला मी तयार नव्हते. घरात पाण्याच्या फिल्टरबरोबर आलेला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर होता. नळाच्या पाण्याला तो शंभराच्या आसपास आकडा दाखवतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ३५ हजारांचा आकडा, आणि घरगुती मीटर दहा हजारांच्या आतच हात टेकतो. शिवाय सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. समुद्राच्या पाण्यात ते टाकले की दह्यासारखा पांढरा साका धरतो, नळाच्या पाण्यात जेमतेम गढूळपणा येतो.

मला वाटलं, दोन परीक्षा आहेत, उत्तर दोन मिनिटांत मिळेल. मिळालं नाही. आकडा यायचा दोन-तीन हजार, म्हणजे ना धड समुद्र ना धड नळ. विचार करता लक्षात आलं की पूर्वी कधीतरी एक लिटर समुद्राचं पाणी बिल्जमध्ये वाळलं असेल, तर तिथे ३५ ग्रॅम मीठ राहिलं. त्यावर दहा लिटर पावसाचं पाणी पडलं तरी मीटर साडेतीन हजार दाखवणार. डेकवर वाळलेलं मीठ धुऊन आत येणाऱ्या पावसाचंही तेच. म्हणजे गोडं पाणी खारट होऊन येतं, आणि चाखणारा छातीठोकपणे समुद्राचं नाव सांगतो. बिल्ज आधी धुऊन घेतल्यावरच ह्या परीक्षांना अर्थ आला. मग तीन कप्प्यांनी तीन वेगळे आकडे दिले, आणि तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली की आपण एक वाट शोधतो आहोत खरं, पण वाटा एकाहून जास्त आहेत.

५. पाणी केव्हा येतं ह्याची नोंद ठेवली की कुठून येतं ते हळूहळू उघड होतं. आम्ही वही केली. मुरिंगवर नुसती उभी असताना, इंजिनावर चालताना, शिडावर डावीकडे कलून, उजवीकडे कलून, पाऊस पडून गेल्यावर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत हे सांगताना मला त्यात फार काही वाटायचं नाही. बोटीवर ते पाळणं अवघड गेलं, कारण मुरिंग सोडताना इंजिन लागतं, मग शिडं चढतात, मग वारा फिरतो, आणि पाणी आलं ते नेमकं ह्यातल्या कशानं, हे ठरवता येत नाही. म्हणून एका रविवारी छान वारा असूनही शिडं न उघडता फक्त इंजिनावर फिरून आलो. नवऱ्याला ते फार जड गेलं.

त्या दिवशी इंजिनाखालचा कप्पा बोलला. प्रोपेलरचा शाफ्ट हलमधून बाहेर जातो, तिथे एक ग्लँड असतो. त्यात ग्रीस लावलेल्या दोरीची वेटोळी दाबून बसवलेली असतात. शाफ्ट फिरत असताना तिथून मिनिटाला काही थेंब पडलेच पाहिजेत, कारण त्या पाण्यानंच दोरी थंड आणि ओलसर राहते. अगदी कोरडा आवळला तर शाफ्ट तापतो आणि झिजून त्याला खोबणी पडतात. मात्र शाफ्ट थांबला की थेंबही थांबायला हवेत. आमचे थांबत नव्हते. चालताना जास्त, उभं असताना कमी, पण अखंड. नागदेवी स्ट्रीटवर जाऊन शाफ्टच्या मापाची ग्लँड दोरी आणली. प्रत्येक वेटोळं वेगळं, तिरप्या कापाचं, आणि एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर न येईल असं बसवायचं. नट आधी हातानंच आवळायचा, मग इंजिन चालवून थेंब मोजत पाव-पाव फेऱ्यानं. हे काम करताना मला फार आनंद झाला. बरोबर काय आणि किती, हे डोळ्यांना दिसत होतं.

६. पहिला उलगडा झाला की शोध संपवावासा वाटतो. ग्लँड बसला, उभ्या बोटीत इंजिनाखालचा कप्पा कोरडा राहू लागला, आणि आम्ही दोघं खूश होतो. पण पुढच्याच वेळी बंदरापलीकडच्या मांडव्याहून परतल्यावर पाणी होतंच, आणि आधीपेक्षा फार कमीही नव्हतं.

वहीतल्या जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या. हिवाळ्यातल्या दुपारी मुंबईला वारा बहुतेक वायव्येकडून येतो. मांडव्याला जाताना तो पाठीशी असतो आणि बोट जवळजवळ सरळ चालते. परतताना वाऱ्याला सामोरं जावं लागतं, वारा डाव्या अंगानं घेत लांब पल्ला मारावा लागतो, आणि बोट बराच वेळ उजवीकडे कललेली राहते. पाणी नेमकं परतीलाच येत होतं. मग परतीच्या वाटेवर नवरा सुकाणूवर, आणि मी आत, फळ्या उचलून, टॉर्च घेऊन पालथी पडलेली. उजव्या बाजूच्या सगळ्या सी-कॉकखालचे टिश्यू कोरडे. खडूच्या पुडीत एकही रेघ नाही. आणि बिल्जच्या मधोमध, पंपाच्या जाळीतून, शांतपणे पाणी वर येत होतं.

पंपच पाणी आत आणत होता. त्याची होज हलच्या उजव्या कुशीतून बाहेर पडते. बोट सरळ असताना ते तोंड पाण्याच्या वर असतं, उजवीकडे पुरेशी कलली की पाण्याखाली जातं. होज मध्ये कुठेही उंच नेलेली नव्हती. पंपानं एकदा पाणी बाहेर टाकलं की होज भरलेली, बाहेरचं तोंड बुडालेलं, पंप थांबला की तीच होज सायफन होऊन समुद्र आत ओढू लागे. पाणी वाढलं की पंप पुन्हा सुरू. काउंटरचा आकडा का चढत होता तेही त्याच क्षणी कळलं. होज डेकच्या खालपर्यंत उंच नेऊन तिथे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह बसवला आणि हे पाणी बंद झालं. ज्याला आपण रखवालदार म्हणून नेमलं आहे त्याचीही झडती घ्यावी लागते, हे मला त्या दिवशी फार लागून राहिलं.

७. ‘इथून नाही’ हेही उत्तर असतं. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर माझा दाट संशय होता. टाकीत खाण्याचा लाल रंग घातला. हिरवा मुद्दाम टाळला, कारण आमच्या इंजिनाचं कूलंट हिरवं आहे. बरेच दिवस आमच्या तोंड धुण्याच्या पाण्याला रंग होता आणि बिल्जमध्ये लालसर झाकसुद्धा नाही. टाकी, तिची होज, सिंकखालचा पायपंप, सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले.

८. पटणारं कारण सापडलं की पुढे बघायचं थांबू नये, कारण ते जिवावर बेतू शकतं. ‘चीकी राफिकी’ ह्या ४० फुटी ब्रिटिश बोटीची हकिगत मी ह्याच काळात वाचली आणि कित्येक रात्री ती मनातून जाईना. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउदम्प्टनला परतताना, अटलांटिकच्या मधोमध, बोटीत पाणी येऊ लागलं. चौघं जण होते. त्यांनी हल तपासलं, सी-कॉक तपासले, काही दिसलं नाही. उजवीकडची पाण्याची टाकी फुटली असावी असं कप्तानानं किनाऱ्यावर कळवलं. त्यानंतर लवकरच संपर्क तुटला. बोट पुढे उलटी तरंगताना सापडली, तिची कील, म्हणजे तळाला जोडलेलं वजन, निघून गेली होती आणि जीव वाचवण्याचा तराफा बोटीतच जागच्या जागी होता. चौघंही गेले. ब्रिटिश सागरी अपघात तपास विभागाच्या २०१५ च्या अहवालात लिहिलं आहे की बोट पूर्वी तळाला घासली होती, आणि त्यामुळे व नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कील धरून ठेवणारी आतली बांधणी कमकुवत झाली असावी.

ती माणसं अननुभवी किंवा निष्काळजी होती असं मला मुळीच वाटत नाही. भर समुद्रात, हलत्या बोटीत, त्यांनी तेच तपासलं जे मीही तपासलं असतं. पण ते वाचल्यानंतर आमच्या वहीत एक नवं पान आलं: कील. लोखंडाचं किंवा शिशाचं ते वजन हलला बोल्टांनी जोडलेलं असतं आणि त्या बोल्टांची डोकी बिल्जच्या तळाशीच असतात. आता प्रत्येक बोल्टाभोवती पांढरा टिश्यू गुंडाळलेला असतो. गंजाची तांबूस कड उमटते का ते बघायचं, बांधणीच्या कोपऱ्यांत केसासारखी चीर दिसते का ते बोट फिरवून चाचपायचं. टाकीचा रंग बिल्जमध्ये आला नाही तेव्हा मी त्या प्रयोगाला मामुली समजत होते. आता समजत नाही.

९. आपल्या बोटीचं नेहमीचं पाणी किती, हे माहीत असायला हवं. हे मला करंज्याच्या एका नाखवांनी शिकवलं. त्यांची बोट लाकडी. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेवढे दिवस ती वर ओढलेली. पुन्हा पाण्यात लोटली की सुकलेल्या फळ्यांच्या फटींतून सुरुवातीला धो धो पाणी येतं, मग लाकूड फुगतं, फटी मिटतात आणि पाणी रोजच्या मापावर येऊन थांबतं. ते माप त्यांना बादल्यांत ठाऊक आहे. “रोजच्याहून एक बादली जास्त निघाली, ताई, की मग झोप नाय,” ते म्हणाले. आमच्यासारख्या फायबरवाल्यांची बोट कोरडीच असणार अशी समजूत असते, त्यामुळे आम्ही मोजतच नाही. आणि मापच नसेल तर कमी-जास्त ठरवणार कशावरून? मी त्यांना आमची वही दाखवली. त्यांनी पानं उलटून पाहिली आणि विचारलं की भरतीला आणि ओहोटीला वेगळं येतं का. मुरिंगवरची बोट पाण्याबरोबरच वरखाली होते, तिला भरती-ओहोटीनं फरक पडू नये, असं मी म्हणाले. मग प्रवाह बदलला की ती कुठल्या तोंडानं उभी राहते आणि सुकाणूवर लाट कुठून आदळते, ते बघा म्हणाले. तो रकाना आता वहीत आहे.

१०. काही पाणी थांबवता येत नाही, फक्त ओळखून ठेवता येतं. कोजागिरीच्या सुमारास गडगडाटी सरी येऊन गेल्या की डोलकाठीखालचा कप्पा भरायचा, मीटरचा आकडा अगदी कमी, रंग नाही, वास नाही. आमची डोलकाठी डेकमधून खाली येऊन थेट कीलवर टेकते. शिडाच्या दोऱ्या आत-बाहेर जाण्यासाठी तिला वर फटी आहेत. पाऊस त्या फटींतून शिरतो आणि पोकळ काठीतून सरळ बिल्जमध्ये उतरतो. डेकवर काठीभोवती कितीही घट्ट रबर गुंडाळलं तरी आतल्या पाण्याला त्याचं काय! काठीच्या पायाशी पाणी बाहेर पडायला भोक मोकळं ठेवणं आणि तळाचं अॅल्युमिनियम गंजत नाही ना हे बघत राहणं, एवढंच हातात आहे.

११. बोट एकटी असते. आठवड्याचे बहुतेक दिवस आम्ही घरी आणि ती पाण्यावर. होजवरची जी स्टेनलेसची क्लिप वरून चकचकीत दिसते, तीच रबराखाली, हवा न लागणाऱ्या फटीत गंजून तुटते. म्हणून पाण्याखालच्या प्रत्येक होजला आता दोन क्लिपा आहेत, आणि प्रत्येक सी-कॉकला मऊ लाकडाची निमुळती खुंटी बांधलेली आहे, होज गेलीच तर ठोकून बसवायला. बोट मुरिंगवर ठेवून किनाऱ्यावर येताना आम्ही सगळे सी-कॉक बंद करतो, फक्त कॉकपिटच्या निचऱ्याचे उघडे ठेवून.

१२. सध्याची स्थिती अशी: ग्लँड आणि सायफन ह्या दोन्ही वाटा बंद, पावसाचं पाणी ओळखीचं. तरीही दोन आठवडे बोट उभी राहिली की मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी असतं. मीटरचा आकडा मोठा, सिल्व्हर नायट्रेटचा साका घट्ट. कीलच्या बोल्टांवरचे टिश्यू कोरडे आहेत, सुकाणूच्या दांड्यापाशी मात्र खडूवर एक पुसट रेघ दिसली आहे. मेच्या अखेरीस बोट क्रेननं वर काढायची आहे. सुकाणू उतरवून त्याचे बुश बघायचे, आणि कील व हल ह्यांच्या सांध्यावरचा रंग पूर्ण वेढ्याभर खरवडून आतला सांधा उघडा करायचा, असं ठरलं आहे. नाखवा येतो म्हणाले आहेत. तोवर त्यांचीही बोट वर ओढायचे दिवस आलेले असतील.